परत न आलेला फोन

करार जेमलिननेच केला होता, आणि केला तेव्हा तिला स्वतःच्या हुशारीचं फार कौतुक वाटलं होतं. झालं होतं असं, की तिच्या आईला, पर्लिताला, फोनवर बक्षिसात स्कूटर लागल्याचा मेसेज आला. जिला सायकल धरता येत नाही तिला स्कूटर कशी लागेल, हा प्रश्न पर्लिताला पडला नाही. मेसेजने विचारले ते सगळे आकडे तिने भराभर दाबले आणि छपराच्या पत्र्यांसाठी साठवलेली पुंजी एका दुपारी साफ झाली. जेमलिन तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. घराण्यात कॉलेजचं फाटक ओलांडणारी ती पहिलीच, आणि शिकत होती काय, तर संगणकातले चोर कसे ओळखायचे! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"हे बघ नानाय," तिने आईला समोर बसवून सांगितलं, "तुझ्या फोनमध्ये बोलण्यापुरते पैसे कधी नसतात. तर असं करायचं. संशयाचा मेसेज आला की आधी मला पुढे पाठवायचा, ते फुकट जातं. मग एक मिस्ड कॉल द्यायचा. लबाडी असेल तर मी तिथल्या तिथे उलटा फोन करीन. माझा फोन आला नाही तर समज, ठीक आहे. दाब बिनधास्त."

"म्हणजे तू बोललीस तर वाईट, गप्प बसलीस तर चांगलं?"

"हो."

"लहानपणापासून तसंच आहे तुझं," पर्लिता म्हणाली.

करार चांगला चालला. लॉटऱ्या आल्या, परदेशातले श्रीमंत विधुर आले, आपण बँकेतून बोलतोय म्हणणारे आले, आणि प्रत्येक वेळी जेमलिनचा उलटा फोन आला. पर्लिता कारखान्यात आपल्या टेबलावर काम करणाऱ्या बायांना सांगायची, "माझी इंदाय, माझी लेक, बघते. तिने बघितल्याशिवाय मी देवाचा मेसेजसुद्धा उघडत नाही." हळूहळू त्या बायाही आपापले मेसेज पर्लिताकडे आणायला लागल्या. पोरगी एक शिकत होती आणि एका टेबलाची राखण होत होती.

दुसऱ्या वर्षाला मास्तरांनी शिकवलं, की वीज गेली तर तिजोरीचं दार आपोआप बंद राहिलं पाहिजे. बिघाड झाल्यावर जे उघडं राहतं ते दारच नव्हे. जेमलिनला लगेच आपला मिस्ड कॉलचा करार आठवला. त्यात सगळं उलटं होतं. तिचा फोन बंद असो, ती परीक्षेला बसलेली असो, नाहीतर जीपनीखाली सापडून मेलेली असो, आईला कळणार एवढंच, की ठीक आहे, दाब. हे बदलायला हवं, असं तिला वाटलं. तिने मास्तरांच्या वाक्याखाली दोन रेघा ओढल्या, परीक्षेला येण्यासारखं होतं म्हणून. करार तसाच राहिला.

पर्लिता टूना माशाच्या कारखान्यात होती. जेनसान गावात कोण नसतं? वाफवलेला मासा टेबलावर यायचा, सुरीने त्याची साल खरवडायची, काळं मांस मांजरांच्या डब्यांसाठी एकीकडे, पांढरं मांस माणसांसाठी दुसरीकडे. दिवसभर उभं राहून. घरी आल्यावर कालामान्सीची लिंबं कितीही चोळली तरी हाताचा वास जायचा नाही. पण वासाचं दुःख तिला नव्हतं. दुःख होतं बुटांचं.

कंत्राट पाच महिन्यांचं असायचं. सहावा महिना भरला तर कायद्याने बाई कायम होते, म्हणून पाचवा भरला की कंत्राटदार यायचा आणि बायांकडून पांढरे रबरी बूट परत घ्यायचा. मग काही आठवडे घरी बसायचं, आणि पुन्हा बोलावलं तर 'नवीन' म्हणून सही करायची, नवे बूट घ्यायचे. पर्लिता त्या कारखान्यात इतकी वर्षं नवीन होती, की दोघीतिघी मुकादमिणी तिच्याच हाताखाली सुरी धरायला शिकल्या होत्या. बूट परत करून आलेल्या दिवशी ती जेवायची नाही. "मेले बूटसुद्धा मोजून घेतात," एवढंच म्हणायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. जेमलिनचा बाप बोटीवर गेला तो कुठल्याशा बेटावर दुसरा संसार थाटून बसला होता, तेव्हाही पर्लिता जेवायची राहिली नव्हती.

तिच्या शेजारच्या जागेवर उभी राहायची कोरिंग. जेमलिनला बाप्तिस्म्याच्या पाण्यावर हिनेच धरलं होतं, म्हणून ती जेमलिनची निनांग, धर्माची आई, आणि त्या नात्याने पर्लिताची कुमारे. जेमलिनचा कॉलेजचा पहिला गणवेश कोरिंगने शिवला होता. एक बाही जरा आखूड झाली होती, आणि चार वर्षं जेमलिनने ती तशीच घातली.

शेवटच्या वर्षी सगळ्यांना कुठे ना कुठे काम शिकायला जावं लागायचं. ज्यांचे काका-मामा मोठ्या जागी होते ते दावाओला, मनिलाला गेले. जेमलिनला मिळालं गावातलंच एक छोटं कार्यालय, खाली बेकरी, वर हे लोक. साहेबाचं नाव आर्विन. तिथे सगळे 'सर आर्विन' म्हणत, आणि तो तिशीचाही नव्हता. कंपन्यांची माणसं खोट्या मेसेजला फसतात का, याची परीक्षा घेणं हा त्यांचा धंदा. आपणच खोटा मेसेज पाठवायचा, कोण फसतं ते बघायचं आणि कंपनीला कळवायचं. शिकाऊंपैकी जो चमकेल त्याला सर आर्विन कायम करणार होता. कायम! हा शब्द जेमलिनच्या घरात इतर घरांतल्या स्वर्गासारखा बोलला जायचा.

एके सकाळी सर आर्विनने सांगितलं, की टूनाच्या कारखान्याचं काम आलंय. तिथे आता हजेरी फोनवरून लागते, तेव्हा प्रत्येक बाई म्हणजे कारखान्याचं एक दार आहे. "कोणाचे नातेवाईक आहेत का तिथे? असतील तर आत्ताच सांगा, मग या कामात तुम्ही नाही."

दोघांनी हात वर केले. त्यांना दिवसभर तारा ओढायच्या कामाला लावलं. जेमलिनने हात वर केला नाही.

बाकीच्यांनी मेसेज लिहिले ते सगळे बक्षिसांचे. सर आर्विनने वाचून तोंड वाकडं केलं. "हे बायकांना आता पाठ झालंय. कोणी दाबणार नाही." जेमलिन कोपऱ्यात बसून लिहीत होती. तिला ठाऊक होतं, की हाव सुटली तर माणूस एखादे वेळी सावध होतो, पण आशा लागली की होत नाही. तिने बिसाया बोलीत, कंत्राटदाराच्या कचेरीतली बाई बोलते तशा गोड आवाजात लिहिलं: 'नानाय, या खेपेला काही जणींना कायम करणार आहेत. तुमचं नाव आहे का ते जेवणाच्या सुट्टीआधी इथे बघून घ्या. ज्यांचं नाव आहे त्यांनी बूट परत करू नयेत.'

सर आर्विनने दोनदा वाचलं. "बूट? हे काय आहे?"

"त्यांना कळेल," जेमलिन म्हणाली.

"पोरी, तू जन्मजात चोर आहेस," सर आर्विन म्हणाला, आणि सगळे हसले. जेमलिनही हसली, चार वर्षांत कुणी एवढी शाबासकी दिली नव्हती. मग तिने विचारलं, "जे दाबतील त्यांचं काय होतं, सर?"

"काय व्हायचंय? एक चित्र येतं. 'सावध राहा, ही परीक्षा होती.' मग त्यांना बसवून शिकवायचं. आपण लोकांच्या भल्यासाठी करतो हे. फक्त एक लक्षात ठेवा. आधी कोणी कुणाला सावध केलं, तर तो इथून बाहेर, आणि कॉलेजला मी स्वतः कळवणार."

मेसेज गेला तेव्हा सगळे एका पडद्याभोवती जमले होते. कोणी दाबलं की पडद्यावरचा आकडा एकाने वाढायचा. सुरुवातीला तो रेंगाळला. एक, मग थोड्या वेळाने आणखी एक. सर आर्विन नखं खात होता. जेमलिनचा फोन टेबलावर होता. तो उजळला. आईने मेसेज पुढे पाठवला होता. तिचंच वाक्य, तिचेच बूट, तिच्याच हातात परत आले. पाठोपाठ फोन एकदा वाजला आणि थांबला.

"कोण गं?" सर आर्विनने विचारलं.

"कोणी नाही. मिस्ड कॉल."

ती उठून संडासात गेली आणि दाराला टेकून उभी राहिली. खालून पावाचा वास येत होता. एक आकडा दाबायचा, 'नानाय, नको' म्हणायचं, झालं. पण पर्लिता ऐकून गप्प बसणारी बाई नव्हती. ती टेबलभर ओरडली असती, 'माझ्या इंदायने सांगितलंय, लबाडी आहे,' आणि आकडा तिथेच थांबला असता, आणि सर आर्विनने विचारलं असतं, की तिथे कोणाची आई आहे? चार वर्षं गेली असती. ती आखूड बाही गेली असती. शिवाय होणार काय होतं? एक चित्र येणार. आई जरा रागावेल, मग टेबलावर हसून सांगेल, की फसले बाई. जेमलिनने स्वतःला हे सगळं नीट समजावून सांगितलं. स्वतःला समजावणं किती सोपं असतं! तोंड धुऊन ती परत आली.

आकडा अजून रेंगाळतच होता. मग एकाएकी तो धावत सुटला. एकामागून एक, मोजता येऊ नये असा. पोरांनी टेबलं बडवली. सर आर्विन उभा राहिला. "काय झालं काय? एकदम कसा पूर आला?"

जेमलिनला कळलं काय झालं. आईने वाट पाहिली होती. उलटा फोन आला नाही, म्हणून मान वर करून तिने सगळ्या टेबलाला सांगितलं होतं, की पोरीने बघितलंय, ठीक आहे, दाबा. कुंपणानेच शेत खाल्लं होतं, आणि कुंपण म्हणून आईला सगळ्यांनी मानलं होतं.

घरी पर्लिता त्याबद्दल काही बोलली नाही. चित्र आलं होतं का, हे जेमलिनने विचारलं नाही. दोघींनी सुक्या मासळीबरोबर भात खाल्ला.

कंत्राट संपलं तेव्हा ज्यांनी ज्यांनी दाबलं होतं त्या सगळ्यांचे बूट परत घेतले गेले, आणि सांगितलं गेलं, की या बायांमुळे कारखान्याच्या सुरक्षेला धोका आहे, यांना पुन्हा घ्यायचं नाही. नवीन म्हणूनसुद्धा नाही. वर्षानुवर्षं राबलेल्या बाया काढायला कारखान्याला एखादं कारण हवंच असणार, ते छान कागदावर टाइप करून मिळालं. चाळिशी उलटलेल्या बाईला त्या गावात दुसरा कारखाना दारात उभं करत नाही.

जेमलिन सर आर्विनकडे गेली. "तुम्ही म्हणाला होतात, नुसतं शिकवतील."

"आपण अहवाल देतो, जेमलिन. पुढे गिऱ्हाईक काय करतं तो त्याचा प्रश्न." तो खरोखर जरा ओशाळला होता. मग त्याचा चेहरा उजळला. "बरं, तुला सांगायचंच होतं. इतका चांगला निकाल आपल्याला आजवर आला नव्हता. तुझी कॉलेजची परीक्षा झाली की सोमवारपासून तू इथेच. कायम."

तिने नाही म्हटलं असतं तर गोष्ट वेगळी झाली असती. तिने 'थँक यू, सर' म्हटलं.

परीक्षा संपली. पर्लिताने रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर पान्सित करायला घेतलं. पोरगी कायम झाली आणि घरात पान्सित झालं नाही, असं कसं होईल? कढईभर शेवया परतून होतायत तोच कोरिंग आली, मागे टेबलावरच्या दोघी. जेमलिनने उठून नमस्कार म्हणून निनांगचा हात कपाळाला लावला. कोरिंगच्या हाताला आता माशाचा वास नव्हता.

"बसा," पर्लिता म्हणाली. "झालंच."

"खायला नाही आले, कुमारे. विचारायला आलेय." कोरिंग उभीच राहिली. "त्या दिवशी टेबलावर तू काय म्हणालीस? पोरीने बघितलंय, दाबा. म्हणालीस की नाही? माझा तर चष्मासुद्धा घरी राहिला होता. तूच माझं बोट धरून दाबलंस."

"धरलं."

"आम्हाला वाचता येत नाही असं नाही. पण तुझ्या पोरीचं नाव निघालं म्हणून आम्ही वाचलं नाही." ती जेमलिनकडे वळली. आवाज मऊ झाला. "इंदाय, तू या विद्येची. कोणा कुत्र्याने हे लिहिलंय ते शोधून काढ. आमच्यातलंच कोणीतरी फुटलेलं असणार, बुटांचं बाहेरच्याला काय ठाऊक? पण आधी एक सांग. आईने तुला विचारलं होतं का?"

जेमलिनने तोंड उघडलं.

"नव्हतं विचारलं," पर्लिता म्हणाली. तिची पाठ सगळ्यांकडे होती. ती शेवया हलवत राहिली.

"मी बघितलं तुला फोन लावताना."

"नुसता कानाला धरला. लावला नाही."

"का?"

"का म्हणजे? तुम्ही सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होता. इंदाय म्हणते, इंदाय म्हणते, असं म्हटलं की माझंच वजन वाढायचं. वाटलं, एकदा नाही विचारलं तर काय होतंय." तिने चूल बारीक केली. "मी खोटं बोलले, कोरिंग."

त्या दोघींपैकी एक रडायला लागली. कोरिंग रडली नाही. तिने जेमलिनचं मनगट धरलं. "खरं का गं हे?"

आता बोलायचं होतं. एवढंच होतं, एक वाक्य. विचारलं होतं, निनांग, आणि ते मीच लिहिलं होतं. जेमलिनला सोमवार आठवला, बेकरीचा जिना आठवला, 'कायम' आठवलं. मनगटावरची बोटं तिला जड लागत होती. तिने खाली बघितलं, आणि बघत राहिली.

"तिला कशाला आईला खोटं पाडायला लावतेस?" पर्लिता म्हणाली. "गप्प आहे म्हणजे समज ना, मी म्हणते तेच."

कोरिंगला समजलं. तिने मनगट सोडलं आणि तोच हात जेमलिनच्या डोक्यावर ठेवला. "तरी मी यांना म्हणत होते, आपल्या इंदायने बघितलं असतं तर असं झालंच नसतं. तुझा काय दोष, पोरी. तू चांगली नोकरी कर." मग पर्लिताला म्हणाली, "आणि तू आजपासून मला कुमारे म्हणू नकोस. रस्त्यात दिसलीस तर मी पलीकडून जाईन."

"बरं," पर्लिता म्हणाली.

त्या गेल्या. पर्लिताने दोन ताटल्या घेतल्या, पान्सित वाढलं, वरून कालामान्सी पिळली. एक ताटली तिने जेमलिनसमोर ठेवली.

"नानाय, मी..."

"मेले बूटसुद्धा मोजून घेतात," पर्लिता म्हणाली. "हे मी या घरात बोलायचे. टेबलावर कधीच नाही बोलले. तुझा फोन आला नाही तेव्हा मी मेसेज पुन्हा वाचला नाही. सगळ्यांनी दाबून झाल्यावर वाचला. तेव्हा ते बूट दिसले." ती बसली. "खा. गार झाल्यावर चिकटतं."

जेमलिनने खाल्लं. न खाऊन काय सांगणार होती?

कोरिंग आता बंदरावर बर्फ फोडते. पर्लिता दुसऱ्यांचे कपडे धुते, आणि बाजाराला जाताना लांबच्या गल्लीने जाते. ही गोष्ट गावात सगळ्यांना माहीत आहे, पर्लिता सांगते तशी.

जेमलिन सोमवारपासून कामावर गेली. ती चांगलं काम करते, तिचे मेसेज कधी वाया जात नाहीत. फोन ती टेबलावर, समोर, आवाज चालू करून ठेवते. आईला लबाडीचे मेसेज येतच असणार, सगळ्यांनाच येतात. मिस्ड कॉल त्यानंतर एकदाही आला नाही.